ब्लांका हात लावून मोजते

आमच्या ब्रेझोवेत्समधून सहलीची बस सुटायची असली की ब्लांका पावेल्कोव्हा पुढच्या दारातून आत शिरते आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत मागच्या बाकापर्यंत जाते. यादी तिच्याजवळ असते, पण ती नावं पुकारत नाही. हात लावायचा, ओठांतल्या ओठांत आकडा म्हणायचा, पुढे सरकायचं. मागून पुढे येताना पुन्हा तेच. पोरांना याची गंमत वाटते.

"ब्लांका काकू, आम्ही काय मेंढरं आहोत का?" गेल्या वर्षी एका पोरीने विचारलं.

"मेंढरं परवडली," ब्लांका म्हणाली, "ती एकमेकांच्या नावाला ओ देत नाहीत."

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले. तिच्या या मोजण्याचं कारण मी आहे, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक असूनही तीस-पस्तीस वर्षांत माझ्या तोंडावर कुणी बोललेलं नाही. ब्लांका तर नाहीच नाही. म्हणून मीच सांगते.

मी इव्होना. गावातल्या औषधांच्या दुकानात असते. एक्क्याण्णव साली मी आणि ब्लांका एकाच वर्गात होतो, पण ती माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी होती. आधी तिला आमच्या शाळेत प्रवेशच मिळाला नव्हता. तिला शिवणकामाच्या शाळेत घातलं होतं. कारण होतं तिची आत्या यार्मिला. एकोणसत्तरच्या ऑगस्टमध्ये ही आत्या कारखान्याच्या सहलीबरोबर बसने व्हिएन्ना बघायला गेली आणि तिकडेच राहिली. आमच्याकडे 'राहिली' एवढं म्हटलं तरी पुरायचं, पुढचं सगळ्यांना कळायचं: कम्युनिस्टांच्या राज्यात पश्चिमेकडे राहून जाणं हा गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा मागे उरलेल्या घरच्यांना. बस चौकात परत आली ती एक जागा रिकामी घेऊन. घ्यायला आलेला भाऊ चौकातच उभा राहिला.

तो भाऊ म्हणजे ब्लांकाचे बाबा, ओल्द्रिख पावेल्का; आमच्याकडे बायकांच्या आडनावाला शेवटी 'ओव्हा' लागतं. शाळेत भूगोल शिकवायचे. बहीण राहिली त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांना वर्गातून काढलं आणि त्याच शाळेच्या तळघरात बॉयलरवर कोळसा घालायला ठेवलं. वीस वर्षं! वर वर्गात दुसराच कुणी आल्प्स पर्वत शिकवायचा आणि खाली हे फावडं मारायचे. घरी तीनदा पोलीस आले, कपाटं उलटीपालटी केली, पत्रं शोधली, ती मिळाली नाहीत. ब्लांका या घरात वाढली. दार वाजलं की आधी पडद्याआडून बाहेर बघायचं आणि मग दार उघडायचं, असं ते घर.

नव्वदच्या आधी राज्य बदललं. सरहद्दीवरची तार कापली. ब्लांकाला आमच्या वर्गात घेतलं, पावेल्का काकांना पुन्हा शिकवायला बोलावलं. ते "या वर्षी राहू द्या" म्हणाले आणि बॉयलरपाशीच राहिले. कायदा एका रात्रीत बदलतो, पण माणसाच्या पोटातला गोळा काही त्याच्या सांगण्याने विरघळत नाही.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये शाळेने आमची सहल काढली. साल्झबुर्ग, व्हेरोना, व्हेनिस, व्हिएन्ना. चार शहरं, पाच दिवस, झोपायचं बसमध्येच. प्रत्येकाच्या पिशवीत घरून तळून आणलेले मांसाचे काप, ब्रेड, टिनमधलं मांस आणि चहाचं पाणी तापवायची वायर. परदेशात काही विकत घ्यायचं असतं हे आमच्या डोक्यात नव्हतंच.

ब्लांका येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. ती आली. बाबांनी पाठवलं. आणि पाठवताना त्यांनी तिला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे चारही शहरांचे नकाशे, हाताने काढलेले. हा माणूस एकाही शहरात गेला नव्हता, पण पूल, चौक, कालवे, सगळं जिथल्या तिथे. दुसरी गोष्ट म्हणजे एक वचन. ते तिने मला साल्झबुर्गला किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, तेही आजूबाजूला बघून, दबक्या आवाजात.

"आत्याची पत्रं आहेत ग. सदतीस. बॉयलरच्या मागे बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत बाबांनी. मला माहीतच नव्हतं."

"आत्या असते कुठे मग?"

"गेली ती. तीन वर्षं झाली. मी तिला बघितलंसुद्धा नाही. बाबा म्हणाले, तू परत ये, रविवारी आपण दोघं बसून सगळी वाचू." मग माझी बाही धरून म्हणाली, "इव्हे, काहीही झालं तरी मला त्याच बसने परत जायचंय. बाबा चौकात उभे राहणारेत. त्यांना रिकामी जागा दिसली तर ते मरतील."

मी म्हटलं, "वेडी आहेस. रिकामी कशाला दिसेल?"

मी घाबरट माणसं पुष्कळ पाहिली आहेत, मीही त्यातलीच. पण ब्लांकासारखी मन लावून घाबरणारी दुसरी पाहिली नाही. बसचा नंबर तिने दंडावर पेनाने लिहून ठेवला होता. व्हेरोनात सगळे मनोऱ्यावर चढून गेले, ती बस दिसेल अशा जागी खाली उभी राहिली. व्हेनिसमध्ये बस शहराबाहेर ठेवतात म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवस तिने माझी डावी बाही सोडली नाही. आणि तिचा आवाज! मुळात बारीक, त्यात भीती. आमच्या शेबेस्तोव्हा बाई पुढे उभ्या राहून नावं पुकारायच्या, ब्लांका "हजर" म्हणायची ते तिच्या हनुवटीच्या पुढे जायचं नाही. बाई पुन्हा पुकारायच्या, सगळे वळून बघायचे, ही आणखीनच आक्रसायची. म्हणून पहिल्याच दिवसापासून तिच्या नावाला मीच "हजर" ओरडायला लागले.

मला त्याची सवय होतीच. आमच्या पिढीला कुणाला नव्हती? एक मेच्या मिरवणुकीला, सभांना, झेंडावंदनाला हजेरी व्हायची, आणि जो आला नसेल त्याच्या नावाला शेजारच्याने ओ द्यायची. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. ज्याला हे जमायचं नाही त्याला आम्ही मित्र म्हणत नव्हतो.

शेवटच्या दिवशी, शनिवारी सकाळी, बस व्हिएन्नाला पोचली. कालव्याच्या काठी बस लावायची जागा होती, रस्त्यावर पांढऱ्या रंगात आकडे लिहिलेले. आमचा सतरा. बाईंनी बजावलं, "साडेदहाला इथे. अकराला मी कुणाची वाट बघणार नाही." पासपोर्ट सगळे बाईंच्या पिशवीत. तेव्हा सगळ्यांचे असे एकत्रच ठेवायचे.

माझी झोप झाली नव्हती, अंग आंबलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या बाहीचा कंटाळा आला होता. मोठ्या चर्चपाशी मी म्हटलं, "ब्लांके, तासभर मला एकटीला फिरू दे. नकाशा आहे ना तुझ्याकडे?" तिने मान हलवली. चेहरा पांढराफटक पडला होता. मी तो बघितला आणि तरी गेले.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. ती नकाशा धरून सरळ बसकडेच निघाली होती. वाटेत एका दुकानासमोर रांग दिसली. आता आमच्याकडचं कुणीही जे केलं असतं तेच तिने केलं. आधी रांगेत उभी राहिली. कशाची रांग, हे पुढे सरकल्यावर कळतं. आमच्याकडे कधी संत्री असायची, कधी कागदाचे रूमाल, पण रांग आहे म्हणजे मिळेनासं काहीतरी आलंय, आणि सोडून गेलात तर घरचे विचारतील. तिला बाबांसाठी काहीतरी न्यायचं होतं. रांग हळूहळू सरकत होती आणि रांग सोडायची तिला भीती वाटत होती. शेवटी हातात आलं काय, तर नव्या कॉफीची नमुन्याची मूठभर पुडी, फुकट वाटत होते. चर्चच्या घड्याळाकडे नजर गेली तेव्हा अकराला दहा कमी होते.

इकडे मी बसमध्ये चढले आणि आमच्या मागच्या बाकावर न जाता पुढे दितापाशी बसले. दिता आमच्या वर्गातली, गप्पिष्ट, तिच्याजवळ अजून खायला उरलेलं होतं. डोळे मिटत होते. बाई नावं पुकारायला लागल्या.

"पावेल्कोव्हा?"

शांतता. नेहमीसारखीच.

"हजर!" मी ओरडले.

मी मागे वळून बघितलं नाही. ती मागे आपल्या बाकावर असणार, तिचा आवाज पोचला नसणार, हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या मिनिटाला मला झोप लागली.

जाग आली ती आमच्या सरहद्दीच्या नाक्यावर. ऑस्ट्रियाच्या पहारेकऱ्यांनी हात हलवून पुढे सोडलं होतं. आमचा शिपाई पासपोर्टांचा गठ्ठा घेऊन चढला, एकेक चेहरा बघत मागे गेला, परत आला आणि बाईंना म्हणाला, "एक जास्त आहे."

"काय जास्त?"

"पासपोर्ट. माणूस नाहीये."

त्याने तो उघडून धरला. ब्लांकाचा फोटो. मी ताडकन उठून मागे बघितलं. आमच्या बाकावर तिचा स्वेटर आणि पाणी तापवायची वायर.

"हजर कोण म्हणालं?" बाई किंचाळल्या. "पावेल्कोव्हाच्या नावाला कोण म्हणालं हजर?"

"मी," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून दिसते. त्या उतरल्या आणि नाक्यावरच्या खोलीत फोन करायला गेल्या. माणूस कमी भरलं तर आधी वरती कळवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मुख्याध्यापकांना घरी फोन लावला. हा फोन करू नका असं तेव्हा मी म्हणायला हवं होतं. मला सुचलं नाही.

बसमध्ये कुजबुज सुरू झाली होती.

"राहिली," दिता म्हणाली. "आत्याच्या वाटेने गेली."

"घराणंच तसलं."

"चार दिवस घाबरल्याचं सोंग केलं बघ कसं!"

"गप्प बसा!" मी ओरडले. "ती राहणाऱ्यातली नाही!"

"तू तर गप्पच राहा, हजर!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसली.

आमचे ड्रायव्हर कादलेत्स काका स्टिअरिंगवर हात ठेवून हे सगळं ऐकत होते. साठीला आलेले, जाडजूड, गावातल्या सगळ्या सहलींना तेच. बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "कळवलंय. आता तिकडचे पोलीस बघतील. चला."

काकांनी बस सुरू केली आणि चाक उलटं फिरवायला घेतलं.

"हे काय? कुठे?"

"परत."

"कादलेत्स, परवानगी कुणी दिली?"

"बाई, एकोणसत्तर साली या रस्त्याने एक जागा रिकामी घेऊन मीच गेलो होतो. ओल्द्रिख चौकात उभा होता. त्याला काय सांगायचं ते मला कळेना, म्हणून मी मागच्या दाराने उतरून घरी गेलो. बावीस वर्षं होतील, मी त्याच्याकडे सरळ बघितलेलं नाही." त्यांनी गियर टाकला. "आज परवानगीबिरवानगी तुम्ही बघा. मी गाडी बघतो."

व्हिएन्नापर्यंतचा तो दीड तास मी कसा काढला ते सांगता येत नाही. तिच्याकडे पासपोर्ट नाही, भाषा नाही, गणवेश दिसला की तिची पाचावर धारण बसते. ती रस्ता चुकून कालव्यात पडलेली मला दिसत होती, कुठल्यातरी ठाण्यात रडताना दिसत होती. आणि एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. अर्ध्या वाटेत मलाही वाटायला लागलं, राहिलीच असेल. आणि तसं वाटल्यावर मला बरं वाटलं. कारण ती राहिली असेल तर चूक माझी नव्हती. भीतीने माणूस किती हलका होतो ते मी त्या दिवशी माझ्यापुरतं बघितलं.

बस कालव्याच्या काठी वळली. सतरा नंबरच्या जागेसमोर एक भलीमोठी परदेशी बस भोंगा वाजवत उभी होती. तिच्यापुढे एक गणवेशातला माणूस हातवारे करत काहीतरी सांगत होता. आणि पांढऱ्या रंगातल्या त्या सतरावर, बरोबर मध्यभागी, ब्लांका उभी होती. नकाशा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. तीन तास ती तशी उभी होती. आमची बस आली आणि जागा भरलेली दिसली तर ती तशीच निघून जाईल, या भीतीने तिने कुणालाही तिथे गाडी लावू दिली नव्हती.

मी उडी टाकली. तिने आधी बसचा नंबर दंडावरच्या आकड्याशी ताडून बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मी पुलावर होते," ती म्हणाली. "बस सुटताना दिसली. मी हाक मारली ग. माझी हाक पोचत नाही."

"ब्लांके, मीच तुझ्या नावाला हजर म्हटलं."

"रोज तूच म्हणतेस," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि तो नव्हता हेच मला सोसेना. मग तिने काकांना विचारलं, "बाबांना कुणी काही कळवलं नाही ना?"

काकांनी बाईंकडे बघितलं. बाई पहिल्यांदाच चाचरल्या. "मी... मुख्याध्यापकांना तेवढं..."

ब्लांका खालीच बसली, त्या सतरावर. बाईंनी आणि मी तिला उचलून आत घेतलं.

परतताना नाक्यावरून बाईंनी पुन्हा फोन लावला. कुणी उचलला नाही. मुख्याध्यापक पहिला निरोप पावेल्कांना देऊन, शनिवार-रविवारसाठी आपल्या रानातल्या घरी निघून गेले होते. ब्लांका माझ्या शेजारी बसली, पण तिने माझी बाही धरली नाही. कॉफीची पुडी दोन्ही हातांत धरून ती समोर रस्त्याकडे बघत होती. दर थोड्या वेळाने काकांना विचारायची, "किती राहिलं?" ते म्हणायचे, "आलंच." बसमध्ये आता कुणी हसत नव्हतं. दिताने तिला आपला शेवटचा ब्रेड दिला, तो तिने घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला.

संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. ऊन लख्ख होतं, खिडक्या उघड्या असूनही सगळे घामाने भिजले होते. गावाच्या टेकडीवरून बस उतरायला लागली आणि खाली शाळा दिसली.

"अरे, हे काय?" कुणीतरी म्हणालं. "जूनमध्ये कोण बॉयलर पेटवतंय?"

शाळेच्या चिमणीतून काळा धूर सरळ वर चढत होता.

मला कळायला एक क्षण लागला. ब्लांकाला तेवढाही लागला नाही. ती उठून दारापाशी गेली आणि दार उघडायच्या आत ते हातांनी बडवायला लागली. काकांनी बस चौकात न नेता शाळेपाशीच थांबवली. ती धावली, मी तिच्यामागे धावले, माझ्यामागे काका.

तळघरात अंगाची लाही होत होती. पावेल्का काका बॉयलरसमोर स्टुलावर बसले होते, ठेवणीतला कोट घातलेला, चौकात जायला घातलेला असणार. पायाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा, उपडा पडला होता. त्यांनी वर बघितलं. त्यांना ती आधी खरी वाटली नाही.

"मला सांगितलं, तू बसमध्ये नाहीस," ते म्हणाले. "मला वाटलं, आता ते येतील. घर उलटंपालटं करतील, इथेही शोधतील. डबा सापडेल, मग तुझं... मग मला..."

"कोण येतील, बाबा?" ब्लांका म्हणाली. "आता कोण येतं?"

त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, ते त्यांनी कोटाला लागू नयेत म्हणून लांब धरले होते. ब्लांका त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. ते तिथे आहेत की नाहीत याची खात्री करून घेत असावी. दारात कादलेत्स काका टोपी हातात घेऊन रडत होते. मी बघत राहिले, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. त्या कॉफीचा वास जिन्यापर्यंत येत होता. दोघं टेबलाशी बसले होते, ब्लांकापुढे वही आणि पेन. पावेल्का काका डोळे मिटून आठवत होते. ज्या माणसाने न पाहिलेल्या शहरातले पूल कागदावर जिथल्या तिथे उतरवले, त्याला सदतीस पत्रांतलं धड एकही पूर्ण आठवत नव्हतं, कारण ती त्यांनी कधी निवांत वाचलीच नव्हती. एकदा घाईत वाचायची आणि लपवायची.

"पहिल्याची सुरुवात येते," ते म्हणाले.

"सांगा."

"'ओल्दा, मी सुखरूप पोचले. तुम्हाला काही त्रास तर झाला नाही ना?'"

ब्लांकाने ते लिहून घेतलं आणि पुढचं ऐकायला पेन तसंच धरून बसली.